लॅपविंगचा तळ

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कालव्याच्या हॉलो घाटावरच्या कोरड्या गोदीतले उरलेसुरले पाणी ओढ्यात उतरले आणि ‘लॅपविंग’ ही बोट आडव्या ओंडक्यांवर टेकली. टेकताना एकदा करकरली, डावीकडे जराशी कलली आणि मग स्थिर झाली.

काठावर चार माणसे होती. बोटीचा मालक क्लेम हॅकेट घडीच्या खुर्चीत चहाचा मग घेऊन बसला होता. त्याच्या शेजारच्या बोटीत राहणारी डॉट त्याला सोबत म्हणून आली होती आणि आपण सोबतीला आलो आहोत हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होती. बोटींची पाहणी करणारे आयव्हर प्रॉसर गुडघ्यांना रबरी गाद्या बांधत होते. चौथी लिनेट टॉली. बोट विकत घ्यायची होती तिला. गोदीचे भाडे तिने भरले होते आणि प्रॉसरांची फीसुद्धा. झडपा उघडून गोदीत पाणी भरायचे लोखंडी हँडल म्हणूनच तिच्या हातात होते. गोदी ज्याच्या नावावर, हँडल त्याच्याकडे, अशी इथली रीत.

“क्लेमच्या बोटीची तपासणी!” डॉट म्हणाली. “म्हणजे पाद्रीबाबाच्या खिशांची झडती घ्यायची.”

“पाद्रीबाबा बोट विकायला निघाला असता तर त्याचेही खिसे उलटे केले असते,” लिनेट म्हणाली.

“बघू दे गं तिला,” क्लेम म्हणाला. “बाई बस चालवते. गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय बसवाल्यांना निघताच येत नाही.”

लिनेट हसली, पण नजर बोटीवरून हलली नाही.

ती स्टोन ते स्टॅफर्ड मार्गावर बस चालवत असे. वय अठ्ठावन्न. कालव्याकाठच्या ज्या घरात ती इतकी वर्षे भाड्याने राहिली, ते मालकाने विकले होते आणि येत्या शनिवारी तिला किल्ल्या द्यायच्या होत्या. तिच्या पगारात परवडेल असे दुसरे घर स्टोनमध्ये उरले नव्हते. बहिणीने क्रू गावातल्या आपल्या घरातला सोफा देऊ केला होता. लिनेटने तिचे आभार मानले आणि विषय बदलला. पेन्शनमधून आगाऊ उचललेली रक्कम तिच्यापाशी होती. ती एकदाच उचलता येते. जुन्या बोटीला बँक कर्ज देत नाही. म्हणजे त्या पैशात एक बोट येत होती. चुकली तर दुसरी येणार नव्हती. हे तिने मनाशी एकदा नीट मांडून घेतले होते आणि त्यानंतर त्यावर रडत बसण्यात वेळ घालवला नव्हता.

लॅपविंगचा सौदा सप्टेंबरात ठरला, कालव्यात बोटी वरखाली करणाऱ्या लॉकच्या दारांशेजारच्या पबमध्ये, सगळ्यांच्या देखत. क्लेमने हात पुढे केला. लिनेटने तो हातात घेतला आणि म्हणाली, “पाण्याबाहेर काढून बघितल्यावर.” आजूबाजूचे हसले. असे म्हणायची पद्धत असते. म्हणून कोणी खरोखरच बोट बाहेर काढत नाही, निदान शेजाऱ्याची तरी नाही. डॉटने तिची बोट बिअरच्या एका पाइंटवर आणि एका शब्दावर घेतली होती. त्यामुळे लिनेटने गोदीची तारीख घेतल्याचे कळले तेव्हा घाटावर कुजबूज झाली. दोन बायकांनी तिच्याशी बोलणे कमी केले. एकाने तर तोंडावर सांगितले, “हात मिळवल्यावर संशय घेणं शोभत नाही, लिनेट.”

“संशय माणसाचा घेत नाहीये,” ती म्हणाली होती. “पत्र्याचा घेतेय.”

गोदीची तारीख घेण्याआधी ती दोनदा बोट बघून गेली होती. पहिल्या वेळी तिने सांगितले होते की दुपारी येते, आणि गेली सकाळी. क्लेमने दार उघडले तेव्हा तिने गुड मॉर्निंगच्या आधी इंजिनवरचे झाकण उघडायला लावले आणि तळहात इंजिनावर ठेवला. थंडगार.

“आजारी आहे का ते?” क्लेमने विचारले. “ताप बघतेस म्हणून म्हटलं.”

“गरम इंजिन कोणाचंही सुरू होतं. थंड होतं का ते बघायचंय. आता चालू कर.”

इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झाले. धूर आधी पांढरा आला, मग विरला. पंख्याचा दांडा जिथे बोटीबाहेर जातो तिथे थेंब थेंब पाणी गळत होते; क्लेमने ग्रीसची मूठ अर्धा फेरा फिरवली आणि गळती थांबली. तिला तेवढेच बघायचे होते. पंख्यात अडकलेले गवत काढायच्या झडपेचे झाकण तिने स्वतः उघडून परत बसवले आणि रबराची कड चेपून पाहिली, कारण ते झाकण सैल राहिले की बोट उभ्या जागी बुडते. नाकाडाजवळच्या गॅसच्या कप्प्यातली गळतीची भोके तिने काडी घालून मोकळी आहेत ना ते पाहिले. आत आल्यावर गादी उचलून लाकडी अस्तराचा वास घेतला, खिडक्यांच्या खालच्या कडा नखाने टोचल्या, आणि शेवटी बिछान्यापाशी जमिनीतली चौकोनी फळी उचलून हात आत घातला. बोटीत पाणी शिरले तर सगळ्यात आधी तिथे साचते. हात कोरडा निघाला. कोपऱ्यात गंजाची थोडी पूड होती, तिच्याकडे ती काही वेळ बघत राहिली.

“आमच्या लग्नाच्या वेळी नेलच्या आईनेसुद्धा मला इतकं तपासलं नव्हतं,” क्लेम म्हणाला.

“म्हणूनच ती फसली असेल.”

यावर क्लेम इतका हसला की त्याला बसावे लागले. नेल जाऊन दीड वर्ष झाले होते. क्लेमचे गुडघे कामातून गेले होते आणि लॉकची जड दारे त्याला एकट्याने रेटवत नव्हती. लीक गावात, मुलीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, म्हाताऱ्यांसाठीच्या इमारतीत एक खोली त्याने धरून ठेवली होती. बोट विकली की तिकडे जायचे. दुसऱ्या खेपेला त्याने तिच्यासाठी ओटकेक, म्हणजे ओटची धिरडी, भाजले, चीज आणि बेकन घालून, आणि दोघांनी चुलीपाशी बसून खाल्ले. बोट लिनेटला आवडली होती. आवडली होती म्हणूनच तिने दुसऱ्या दिवशी प्रॉसरांना फोन केला.

आता प्रॉसर शिडीवरून गोदीत उतरले. वेल्सकडचा बारीक चणीचा माणूस. बोलण्यापेक्षा ऐकण्याची सवय जास्त. त्यांनी बाजूच्या पत्र्यांपासून सुरुवात केली. हाताएवढ्या अंतरावर डांबराचा लेप खरवडून नाण्याएवढी जागा चकचकीत करायची, तिथे जाडी मोजायच्या यंत्राचे टोक टेकवायचे, आकडा खडूने पत्र्यावर लिहायचा. मधेच हातोडी मारून कान द्यायचा. ठण्, ठण्, ठण्. बाजू मूळच्या पाच मिलिमीटरच्या. चार पॉइंट सात, चार पॉइंट आठ, चार पॉइंट सात.

“पस्तीस वर्षांची बोट,” क्लेम वरून ओरडला. “काय प्रॉसरसाहेब, पोरीच्या गालासारखी आहे की नाही?”

“बाजू उत्तम आहेत,” प्रॉसर म्हणाले. “फार निगा राखलीत.”

“दर दोन वर्षांनी डांबर. याच गोदीत. माझ्या हातांनी. आणि ते ठोकळे बघा, तेसुद्धा दर खेपेला नवे.” पत्र्याला जोडलेले मॅग्नेशियमचे ठोकळे पाणी आधी खाते आणि पोलाद वाचते. क्लेमचे ठोकळे निम्मे झिजलेले होते. झिजणे हेच त्यांचे काम.

डॉटने लिनेटकडे पाहून भुवया उंचावल्या. “झालं का समाधान? आता पाणी सोड आणि चल. ह्याच्या चहात साखर घालून घालून माझी संपली.”

“अजून तळ बघायचा राहिलाय,” लिनेट म्हणाली.

प्रॉसर पाठीवर पडून बोटीखाली सरकले. ओंडक्यांच्या आणि तळाच्या मध्ये माणूस जेमतेम मावेल इतकी जागा. वरून त्यांचे फक्त बूट दिसत होते. हातोडीचा आवाज येऊ लागला. नाकाडाकडून सुरुवात: ठण्, ठण्. मधोमध: ठण्. मग बूट मागच्या बाजूला सरकले आणि आवाज बदलला. थप. थोडा वेळ काही नाही. पुन्हा, हलक्या हाताने, थप. त्यानंतर हातोडी वाजलीच नाही.

क्लेम काहीतरी सांगत होता, कालव्यावर बर्फ धरला होता त्या हिवाळ्याबद्दल. लिनेटने हात वर केला तसा तो थांबला.

प्रॉसर बाहेर आले. त्यांच्या केसांत चिखल होता. त्यांनी शिडी न चढता खालूनच विचारले, “हॅकेटसाहेब, तळाला शेवटचं डांबर कधी लावलं?”

“तळाला?” क्लेमने डॉटकडे पाहिले. “तळाला कोण लावतं? तळ चिखलात घासतो, दोन दिवसांत निघून जाईल. माझ्या बापाने कधी लावलं नाही.”

“या कालव्यावर कोणीच लावत नाही,” डॉट म्हणाली. “कोणालाही विचारा.”

“आणि ओंडके नेहमी याच जागी असतात?”

“गोदी तीच, ओंडके तेच.”

“काठावरच्या खांबाची वीज कधीपासून घेता?”

क्लेमने चहाचा मग गुडघ्यावर टेकवला. “नेलचं ऑक्सिजनचं यंत्र आलं तेव्हापासून. सात वर्षं झाली असतील. बॅटरीवर ते चालत नाही, रात्रंदिवस वीज लागते. त्याआधी आम्ही हिंडतेच होतो, कुठे तार लावली नव्हती. नंतर एका जागी थांबलो.”

“तारेवर एक छोटी डबी बसवतात. जमिनीची वीज बोटीच्या पत्र्यात शिरू नये म्हणून.”

“कसली डबी?”

प्रॉसरांनी मान हलवली. “डॉटबाई, तुमची तारही त्याच खांबावर आहे?”

डॉटने मग खाली ठेवला. “का?”

“सहज विचारलं. पण एकदा बघून घ्या.”

मग त्यांनी लिनेटला खुणेने खाली बोलावले.

गोदीत उतरल्यावर बोट फार मोठी दिसते. प्रॉसर आवाज खाली आणून बोलले. अहवाल तिचा होता, कारण पैसे तिचे. मालकाला त्यातला एक शब्दही सांगायला ते बांधील नव्हते आणि तिने हो म्हटल्याशिवाय सांगणारही नव्हते. तळाचा पत्रा मूळचा सहा मिलिमीटर. पुढे आणि मधे पाच. मागचा तिसरा हिस्सा खड्ड्याखड्ड्यांनी खाल्लेला. चारच्या खाली पत्रा गेला की विमा कंपन्या नाक मुरडतात. इथे तीन होते, अडीच होते आणि एका ओंडक्याच्या कडेला दीड होते.

“त्याच्या शेजारी यापेक्षाही कमी असेल,” ते म्हणाले. “मी मोजलं नाही. हातोडी मारली असती तर आरपार गेली असती, आणि दुसऱ्याच्या बोटीला भोक पाडायचा मला हक्क नाही.”

“ठोकळ्यांनी काही केलं नाही?”

“ठोकळे बाजूंना आहेत. त्यांनी बाजू राखल्या. तळापर्यंत त्यांचा हात पोचत नाही. सात वर्षं तारेतून वीज झिरपत राहिली आणि खाली लेप नाही.”

“मला बघायचंय.”

“फोटो काढलेत मी.”

“फोटो नकोत.”

तिने जाकीट काढले, कोरडी ठेवायची म्हणून टोपी शिडीवर अडकवली आणि पाठीवर पडून आत सरकली. पाठीखाली गार चिखल. नाकासमोर, वीतभर अंतरावर, डोंगराएवढे वाटणारे लोखंड. बॅटरीच्या उजेडात तिला खड्डे दिसले: काही वाटाण्याएवढे, काही अंगठ्याएवढे, काही एकमेकांत मिसळून पसरट झालेले, आणि प्रॉसरांनी खरवडलेल्या जागी आत चकाकणारे पोलाद. एका खड्ड्यात तिने अंगठा घातला. नख बुडेपर्यंत आत गेला. तिने तो तसाच थोडा वेळ धरून ठेवला. हिच्यावर ती झोपणार होती. बिछाना बरोबर इथेच वर होता.

बाहेर आल्यावर तिने तीन प्रश्न विचारले. नवा तळ जुन्यावर जोडता येईल का? येईल, बाजू चांगल्या असल्यामुळे बोट वाचण्यासारखी आहे. किती दिवस? चांगला वेल्डर मिळाला तर तीन आठवडे. आणि आज पाणी सोडले तर?

“माझी बोट असती तर सोडलं नसतं,” प्रॉसर म्हणाले. “कदाचित वर्षभर तरंगेल. कदाचित लॉकमध्ये एखाद्या विटेवर आपटेल आणि संपेल.”

लिनेटने त्यांना अहवाल टाइप करून संध्याकाळपर्यंत पाठवायला सांगितले आणि ती शिडी चढली.

वर क्लेम खुर्चीतून उठून उभा होता. “काय सांगतोय तो कानात?”

“तळ गेलाय, क्लेम. मागचा.”

“कुठे गेला? काल तर होता.” त्याने हसायचा प्रयत्न केला.

“खड्डे पडलेत. दीड मिलिमीटर उरलाय.”

“हे बघ, लिनेट,” डॉट मध्ये पडली, “किंमत पाडायची असेल तर सरळ सांग. ह्या वेल्सवाल्याला कशाला उतरवतेस?”

“पाडायची आहेच. पण आधी त्याला कळू दे का ते.”

तिने प्रॉसरांचा फोन क्लेमपुढे धरला. क्लेमने फोटो लांबून पाहिले, जवळून पाहिले. “फोटोत काय, चंद्रावरही खड्डे दिसतात. जवळून घेतलं की सगळंच मोठं दिसतं.” आणि मग, थोड्या वेळाने, “मी तिच्यात एकतीस वर्षं राहिलोय.”

“म्हणूनच खालून कधी बघितली नाहीस.”

“आता गुडघे कुठे—”

“खाली जायची गरज नाही. आत जा. बिछान्याजवळची फळी उघड आणि तिथे बस.”

फळीवरून बोटीवर चढायला त्याला डॉटच्या खांद्याचा आधार लागला. लिनेट पुन्हा बोटीखाली गेली, या वेळी प्रॉसरांची हातोडी घेऊन. वरून फळी उचलल्याचा आवाज आला. मग क्लेमचा, पोलादातून, विहिरीतून आल्यासारखा.

“बसलो.”

“ऐक. हा चांगला भाग.” तिने ओंडक्यापासून दूर हातोडी मारली. ठण्.

“ऐकलं.”

“हा तुझ्या पायाखालचा.” तिने हातोडी उलटी धरून लाकडी मुठीने ठोकले. थप. गंजाचे पापुद्रे तिच्या तोंडावर पडले. ती थुंकली. “ऐकलंस?”

वर जमिनीची फळी करकरली.

“आता लोखंडाने मारते. तू म्हणालास तरच. आरपार गेली तर भरपाई मी देईन, वर या बॅटरीचा उजेडही दिसेल तुला. गेली नाही तर ठरलेली किंमत देते आणि सगळ्या घाटासमोर तुझी माफी मागते. सांग. मारू?”

तळाच्या कडेवरून पाणी ठिबकत होते. वर डॉट काहीतरी पुटपुटली. लिनेटचा हात आखडायला लागला होता, तरी तिने हातोडी खाली घेतली नाही.

“मारू नकोस,” क्लेम म्हणाला.

ती बाहेर आली, हात पुसले आणि बोटीत गेली. क्लेम जमिनीवर, उघड्या चौकोनाच्या कडेला पाय पसरून बसला होता. त्याच्या तळहातावर गंजाची पूड होती. कोपऱ्यातली त्याने चिमटीने काढली असावी.

“यंत्राला वीज लागायची,” तो म्हणाला. “तार काढता आली नसती.”

“तार काढायची नव्हतीच. डबी बसवायची होती. तुला कोणी सांगितलं नाही.”

“मीही विचारलं नाही. कोणाला विचारणार? मलाच सगळे विचारतात.”

डॉट दारात उभी होती. “मी जाते जरा,” ती म्हणाली, “माझी तार काढून येते.” आणि खरोखरच घाईघाईने गेली.

लिनेट चुलीजवळच्या स्टुलावर बसली. तिने बोलणे लांबवले नाही. ठरलेल्या किमतीतून नव्या तळाचा खर्च वजा करायचा. वेल्डर ती शोधणार. बोट पाण्यात जाणार नाही. गुरुवारी क्रेन आणून ती गोदीशेजारच्या मोकळ्या जागेत टेकवायची, आणि शनिवारपासून लिनेट तिच्यात राहायला येणार, खाली पाणी असो वा नसो.

“जमिनीवर राहणार? शिडीने चढउतार करून?”

“बसमध्ये दिवसाला दोनशेदा चढउतार बघते. मला जमेल.”

“तेवढे कमी झाले तर लीकची खोली हातची जाते, लिनेट. त्यांना पैसे या महिन्यात हवेत.”

“मला वाईट वाटतं. पण मी दोघांच्या घराचे पैसे भरू शकत नाही. माझ्या एकटीचेच भरू शकते.”

क्लेमने पूड झटकली. “फिन दोन वाजता येतोय.”

हे तिला ठाऊक होते. मँचेस्टरचा एक तरुण, गेल्या आठवड्यात बोट बघून गेलेला. तपासणी नको, पूर्ण किंमत आज देतो म्हणणारा. लिनेट मागे हटली तर तो रांगेत होता.

“येऊ दे,” ती म्हणाली. “त्याला तळाचं तू सांगायचंस.”

“अहवाल तुझा. ऐकणारा मी एकटा. आणि डॉट माझ्या बाजूची आहे.”

“म्हणून तर तुला सांगतेय. घाटावर त्या तपासणीबद्दल मला बोल लावले तेव्हा मी म्हटलं होतं, संशय पत्र्याचा आहे. ते खरं आहे की नाही ते तू ठरवायचंस. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. तो उद्या त्या बिछान्यावर झोपणार नाही, क्लेम. मी असेपर्यंत नाही.”

क्लेमने उघडा चौकोन फळीने झाकला. “नेल असती तर तुझं आणि तिचं जमलं नसतं,” तो म्हणाला. “दोघींपैकी एकीला कालव्यात ढकलावं लागलं असतं.”

“तिने मला ढकललं असतं. मला पोहता येतं.”

तो हसला नाही, पण मान हलवली.

फिन दोन वाजून वीस मिनिटांनी आला, गाडीच्या मागच्या सीटवर करड्या रंगाचा कुत्रा घेऊन. गोदीच्या काठावर उभे राहून त्याने खडूचे आकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. “अरे वा, तपासणीच झाली! मग माझे पैसे वाचले. कशी निघाली?”

क्लेम पुन्हा खुर्चीत बसला होता. “बाजू उत्तम,” तो म्हणाला. ते खोटे नव्हते. मग त्याने लिनेटकडे पाहिले. ती गोदीच्या दाराच्या तुळईवर बसून होती, हँडल मांडीवर आडवे. तिने नजर काढून घेतली नाही.

“बाकीचं सांगतो,” क्लेम म्हणाला. “जरा थांब. थंडी वाजतेय. चूल पेटवून येतो.”

तो कोणाचाही आधार न घेता फळीवरून आत गेला. दार लागले.

फिन लिनेटकडे वळला. “बाकीचं म्हणजे काय?”

“मालक बाहेर आले की विचारा.”

“तुम्हीच घेणार होता ना ही?”

“अजूनही घेणार आहे.”

“मग तुम्ही मला कशाला सांगाल, बरोबर?” त्याने खिशातून फोन काढला. “मी आत्ता पैसे पाठवले तर?”

“तो बाहेर येईपर्यंत कोणालाही काही पाठवू नका. हे मी तुमच्यासाठी सांगत नाहीये असं समजा हवं तर. पण पाठवू नका.”

फिनने तिच्या चिखलाने भरलेल्या पाठीकडे पाहिले. फोन खिशात गेला. तो गाडीत जाऊन बसला. इंजिन मात्र चालू केले नाही.

चार वाजता गोदीवाला आला. पुढची बोट तुळईपलीकडे ताटकळत होती, तिचा मालक भोंगा वाजवत होता. “तुझी वेळ पाचला संपते, लिनेट. पाणी सोडायचं ना?”

“नाही.”

“नाही म्हणजे? ह्या माणसाला काय सांगू?”

“गोदीत एक बोट आहे जी तरंगवायची नाही, असं सांग. गुरुवारपर्यंतचं भाडं माझ्या नावावर लाव. क्रेन मीच सांगितलीय, मघाशी फोन केला.”

“बोट तुझी झाली का?”

“नाही.”

“मग तुझे पैसे कशाला घालतेस? तो त्या पोराला विकून मोकळा झाला तर?”

“तर तो पोरगा कोरड्या बोटीत उभा राहून ती विकत घेईल,” लिनेट म्हणाली. “आणि त्याला तळ बघायला वेळ मिळेल.”

गोदीवाल्याने हात पुढे केला. “हँडल दे.”

“गुरुवारी देते.”

तो भोंग्याच्या दिशेने शिव्या देत गेला.

पाच वाजायला दहा मिनिटे असताना अंधारायला लागले होते. डॉटच्या बोटीची तार खांबावरून काढलेली, गुंडाळून काठावर ठेवलेली होती. फिनच्या गाडीतला दिवा चालू होता. प्रॉसरांचा अहवाल लिनेटच्या फोनवर आला होता. तिने तो उघडून पहिले पान वाचले आणि फोन जाकिटात ठेवला; क्लेमने सांगितले नाही तर तो ती फिनला दाखवणार होती. लॅपविंगच्या चिमणीतून धूर येत होता. गोदीच्या झडपा बंद होत्या. क्लेम हॅकेट अजून बाहेर आलेला नव्हता.